फोन घरातला, हात पोराचा : पावस पंचक्रोशीतल्या पालकांनी आधी काय करावं?

पावस (रत्नागिरी) : एप्रिल-मे आला की आपल्याकडे कोणाला बसायला फुरसत नसते. कोणी झेल्याने आंबा उतरवतोय, कोणी आढी लावतोय, कोणी पेट्या भरतोय. नेमकी त्याच दिवसांत शाळेला सुट्टी लागते. मग दुसरी-तिसरीतलं पोर घरी आज्जीजवळ आणि ते गप्प बसावं म्हणून त्याच्या हातात मोबाईल. किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये वडील बोटीवर असतात, कित्येक घरांत ते मुंबईला असतात. तिथेही तेच. हौसेने कोणी करत नाही, पण होतं.

मोबाईल वाईट, असं सांगायला हा लेख नाही. वर्गाचा अभ्यास व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, बाबांचा व्हिडिओ कॉल त्यावरच येतो. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच हौसेने नव्हे, नाइलाजाने तो मुलांच्या हातात दिला. कोकणात तर रेंजसाठी पोरं डोंगरावर जाऊन बसली. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही पूर्णपणे परत आला नाही. त्यामुळे मोबाईल द्यावा की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. द्यायचा तर कसा द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या पालकांसाठी ही माहिती.

मुंबईत सांगितलेला एक प्रसंग

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात 'सायबर जागृती महिन्या'चं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. तिथे अभिनेता अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची १३ वर्षांची मुलगी एक ऑनलाइन गेम खेळत होती. या गेममध्ये अनोळखी माणसांबरोबरही खेळता येतं. समोरचा माणूस आधी चांगलं बोलला, खेळाचं कौतुक केलं. मग विचारलं, कुठे राहतेस? तिने शहराचं नाव सांगितलं. मग विचारलं, मुलगा की मुलगी? तिने सांगितलं. त्यानंतर थेट नग्न फोटोंची मागणी आली. मुलीने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. पहिली म्हणजे प्रश्नांचा क्रम. आधी कौतुक, मग गाव, मग मुलगा-मुलगी, मग मागणी. सुरुवात कधीच घाण बोलण्याने होत नाही. दुसरी गोष्ट, ती मुलगी वाचली कशामुळे? फोनमधल्या एखाद्या सेटिंगमुळे नाही. तिने आईला सांगितलं म्हणून. घरी सांगितलं तर आपल्यालाच ओरडा बसेल, असं तिला वाटलं नाही.

त्याच कार्यक्रमात त्यांनी सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक 'सायबर तास' असावा, अशी मागणी केली. मागणी चांगलीच आहे. पण आपल्या मराठी शाळेतलं पोर सातवीत जाईपर्यंत पाच-सहा वर्षं मोबाईल हाताळून बसलेलं असतं. तेवढी वर्षं शिकवायची जबाबदारी घराचीच.

त्यात आपल्या गावची एक सवय इथे उलटी पडते. वाटेत कोणी मोठं माणूस भेटलं की ते विचारतं, "कोणाचा रे तू?" पोराने वडिलांचं नाव, वाडी, शाळा सगळं नीट सांगावं, असं आपणच शिकवतो. ते बरोबरही आहे, कारण विचारणारा गावातलाच असतो. पण गेममध्ये तोच प्रश्न आला तर पोर त्याच सरळपणाने उत्तर देतं. रस्त्यावर विचारणारा डोळ्यांना दिसतो, फोनमधला दिसत नाही, हा फरक आठ वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. तो सांगावा लागतो.

फोनला वाटतं, तुम्हीच बघताय

व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट या सगळ्यांचा नियम आहे की वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा. म्हणजे प्राथमिक शाळेतलं एकही मूल यात बसत नाही. तरी ते वापरतं, कारण खातं तुमचं असतं. तुम्ही फोन घेताना जन्मसाल १९८५ टाकलेलं असतं. त्यामुळे कंपनीच्या लेखी तो फोन चाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात आहे. जाहिराती तशाच येतात, व्हिडिओही तसेच सुचवले जातात. रात्री घरातल्या मोठ्या माणसाने जे बघितलं, त्याच जातीचं सकाळी मुलासमोर येतं. कोणी मुद्दाम पाठवत नाही. यंत्र फक्त मागचं बघून पुढचं वाढतं.

केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. पण त्या फोनवर मूल आहे हे कंपनीला कळलं तर ना! घरातला एकच फोन सगळे वापरत असतील, तर मुलांसाठी केलेलं संरक्षण मुलापर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिलं काम हेच, की मुलाच्या हातात फोन जातो तेव्हा तो 'मुलाचा फोन' झाला पाहिजे.

नेमका धोका कुठून येतो?

गेममधल्या गप्पा. बऱ्याच गेममध्ये लिहून किंवा आवाजाने बोलता येतं. पोर खेळतंय असं आपल्याला वाटतं, पण कानात हेडफोन असेल तर ते कोणाशी बोलतंय हे कळत नाही. सरकारने बंदी घातली म्हणजे विषय संपला, असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये गरेना फ्री फायरवर बंदी आली, पण त्याचाच भाऊ 'फ्री फायर मॅक्स' चालू राहिला.

आपोआप पुढे जाणारे व्हिडिओ. पोर गाणं लावून बसतं. ते संपलं की दुसरं, मग तिसरं. अर्ध्या तासाने काय चालू असतं, हे लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

पैसे. आंब्याचे, मासळीचे पैसे आता मोबाईलवरच येतात. म्हणजे ज्या फोनवर पोर गेम खेळतं, त्याच फोनवर हंगामाची कमाई असते. मुलाला पिन माहीत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पोरं बघून बघून पिन पाठ करतात. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमेला पिन लागतच नाही.

नको ती फाइल. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेची सूचना अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाइल येतात. नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते अॅप आहे. दाबलं आणि परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस, ओटीपीसुद्धा दुसऱ्याकडे जाऊ शकतात. मोठी माणसं फसतात, मग 'होय', 'होय' दाबत सुटणाऱ्या पोराचं काय!

फोटो. हा धोका मूल नाही, आपण निर्माण करतो. गणवेशातला फोटो, मागे शाळेचा फलक, खाली नाव आणि वाढदिवस. अनोळखी माणसाला मुलाशी ओळख काढायला आणखी काय लागतं?

आज रात्री बसून करायची कामं

ही कामं अर्ध्या-पाऊण तासाची आहेत. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला घेऊन बसा. गणपतीत किंवा शिमग्यात मुंबईकर भाऊ-पुतणे येतात, त्यांनाही कामाला लावा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात. सापडलं नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत नाव टाका.

१. अॅप पिनिंग चालू करा. सेटिंग्जमध्ये 'पिन' शोधा. 'अॅप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' दिसेल. हे लावलं की मूल एका अॅपमधून बाहेर पडू शकत नाही. गोष्टींचा व्हिडिओ लावून दिला तर त्याला तेवढंच दिसेल, बँक आणि व्हॉट्सअॅप बंद. बाहेर पडताना लॉक विचारावं, ही खूणही तिथेच असते. एकच फोन असलेल्या घरासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

२. प्ले स्टोअरला कुलूप घाला. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यात आपल्या फोटोवर दाबा. सेटिंग्ज, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल्स. इथे वेगळा पिन ठेवून वयोगट निवडता येतो. त्याच सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारण्याची सोय आहे, ती चालू करा.

३. यूट्यूब किड्स घ्या. हे अॅप मोफत आहे आणि त्यात मुलाचं वय निवडता येतं. 'फक्त पालकांनी मंजूर केलेलेच व्हिडिओ' असा पर्यायही आहे. दहा-पंधरा चांगले व्हिडिओ तुम्ही निवडून ठेवा. साधंच यूट्यूब ठेवायचं असेल तर 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू आणि 'ऑटोप्ले' बंद करा. यातूनही एखादी नको ती गोष्ट निसटून येऊ शकते, त्यामुळे नजर हवीच.

४. व्हॉट्सअॅपची प्रायव्हसी बघा. प्रोफाइल फोटो आणि ग्रुप या दोन्हींसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप गॅलरीत उतरणं बंद करा. मोठ्यांच्या ग्रुपवर काय काय येतं ते आपल्याला माहीत आहे.

५. पैशांची अॅप वेगळी ठेवा. जमलं तर आंब्याचा व्यवहार ज्या फोनवर आहे तो मुलाला देऊच नका. एकच फोन असेल तर बँक आणि यूपीआयच्या अॅपला वेगळं लॉक लावा, यूपीआय लाइट बंद ठेवा. पिन टाकताना पोराकडे पाठ करा, त्यात लाजायचं काही नाही.

६. जुना फोन विसरू नका. नवीन घेतला की जुना पोराला खेळायला देतो. सिमकार्ड नसलं तरी वाय-फायवर त्यात सगळं चालतं. द्यायचाच असेल तर आधी तुमची खाती काढून तो कोरा करा. मग मुलाच्या खऱ्या वयाचं खातं गूगलच्या 'फॅमिली लिंक'मधून उघडा. कोणतं अॅप घ्यायचं, किती वेळ चालवायचं, हे मग तुमच्या फोनवरून ठरवता येतं.

७. जागा ठरवा. फोन ओटीवर किंवा स्वयंपाकघरात, माणसांत. माडीवर नाही, पांघरुणात नाही, दार लावून तर नाहीच. हेडफोन नको. बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या संघटनेने २०२१ मध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आतच स्क्रीन ठेवावी, असं सुचवलं आहे. त्यात टीव्हीही धरायचा.

मुलाशी काय बोलाल?

सेटिंग्ज ही गडग्यासारखी आहेत. गडगा हवाच, पण पोर कधी ना कधी तो ओलांडणार. मित्राच्या घरी, मामाकडे, शेजारच्या दादाच्या फोनवर तुमचं कुलूप चालत नाही. तिथे मुलाच्या डोक्यात काय आहे, तेच कामाला येतं.

लहान मुलांना लांबलचक भाषण नको. तीन वाक्यं पुरतात आणि ती महिन्यातून एकदा तरी पुन्हा सांगायची.

"फोनमध्ये कोणी नाव, गाव, शाळा विचारली तर सांगायचं नाही, आधी मला विचारायचं."

"कोणी फोटो मागितला, किंवा 'घरी सांगू नको' म्हटलं, तर फोन तिथेच ठेवायचा आणि आमच्यातल्या कोणाला तरी हाक मारायची."

"काहीही घाण दिसलं, भीती वाटली, चुकून काही दाबलं गेलं तरी सांगायचं. मी ओरडणार नाही."

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि पाळायला सगळ्यात अवघड. कारण एके दिवशी पोर खरंच येऊन सांगेल की गेममध्ये काहीतरी दाबलं आणि आठशे रुपये गेले. त्या वेळी तुम्ही काय करता, ते पोर बघत असतं. धपाटा घातलात, फोन हिसकावून घेतलात, तर ते एकच शिकतं, की पुढच्या वेळी सांगायचं नाही. आणि पुढच्या वेळी प्रश्न आठशे रुपयांचा नसेल. फसवणारा माणूसही नेमकं हेच सांगत असतो, "घरी कळलं तर मार खाशील." त्याचं म्हणणं आपणच खरं करून दाखवायचं का?

याचा अर्थ शिस्त लावायची नाही असं नाही. वेळ संपली तरी फोन सोडला नाही, तर दुसऱ्या दिवशी मिळणार नाही, हा नियम ठेवा. पण सांगितल्याबद्दल शिक्षा कधीच नको.

आज्जी-आजोबांनाही यात घ्या. दिवसभर मुलाजवळ तेच असतात. त्यांना सेटिंग्ज कळायची गरज नाही. पोर अचानक फोन लपवतंय का, कोणी जवळ गेलं की स्क्रीन बंद करतंय का, खेळून झाल्यावर गप्प होतंय का, एकटं झोपायला घाबरतंय का, हे त्यांच्याइतकं कोणाला दिसणार! असं दिसलं तर ओरडण्याआधी जवळ घेऊन विचारायचं, एवढं त्यांना सांगून ठेवा.

घडलंच काही, तर

पहिल्यांदा मुलाला सांगा, "चूक तुझी नाही. सांगितलंस ते बरं केलंस." मग पुढची कामं.

चॅट पुसू नका. रागाने किंवा लाजेने आपण सगळं डिलीट करतो आणि पुरावाच जातो. नंबर, गेममधलं नाव, प्रोफाइल, वेळ यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ब्लॉक करा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी बँकेत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. मुलाने स्वतःच गेममध्ये काही विकत घेतलं असेल तर प्ले स्टोअरवरून परताव्याची विनंती करता येते, तीही ४८ तासांच्या आत केलेली बरी.

कोणी फोटो मागितला, धमकी दिली, घाणेरडं बोललं असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. तातडीची वेळ असेल तर ११२.

पोलीस ठाण्यात जायची भीती वाटते, हे खरं आहे. गावात चर्चा होईल, मुलीचं नाव होईल, म्हणून घरं गप्प बसतात. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यात याचा विचार केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, गणवेशात घ्यायचा नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. बातमीत मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा काहीही छापणं हा गुन्हा आहे. मुलाला ऑनलाइन गाठून अशी मागणी करणं हा पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायदा या दोन्हींखाली गुन्हा आहे.

आणि एक, फॉरवर्ड करू नका. "या नराधमाला पकडा, सगळीकडे पाठवा" असं म्हणत एखाद्या मुलाचा अश्लील व्हिडिओ ग्रुपवर फिरतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरी तो गुन्हाच करतो आणि त्या लेकराची आणखी विटंबना होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तर असं साहित्य फोनमध्ये बाळगण्यालाही पोक्सो कायदा लागू होऊ शकतो, असं स्पष्ट केलं आहे. आलंच तर कोणाला पाठवू नका, पोलिसांना कळवा.

गावाने मिळून काय करता येईल?

एका घराने नियम केले आणि शेजारी मोकळं रान असलं, तर पोर शेजारी जाऊन बसतं. म्हणून काही गावांनी मिळून प्रयत्न केले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरून भोंगा वाजवायला सुरुवात झाली. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला.

आपल्याला यातला पहिला रस्ता जास्त जमण्यासारखा आहे. बंदीत फक्त मुलांनी सोडायचं असतं, भोंग्याच्या दीड तासात मोठ्यांनीही सोडायचं असतं. बाबा स्वतः रील बघत "अभ्यास कर" म्हणाले तर पोर ऐकणार कसं? पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे, आसपासच्या गावांतही देवळं आहेत, संध्याकाळची आरती आहे. वेळ ठरवायला वेगळा भोंगाही लागणार नाही. एका वाडीने आठवडाभर करून बघावं.

शाळेतही करता येईल. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, त्यात पालकच असतात. २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलांच्या सुरक्षेसाठी 'सखी सावित्री समिती'ही असायला हवी. पुढच्या पालक सभेत तीन विषय मांडा. मुलांचे फोटो आणि पूर्ण नावं बाहेरच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकायची नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर फक्त शिक्षकच संदेश टाकतील, असं सेटिंग ठेवायचं. आणि वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी, पोलीस ठाण्यातून कोणाला तरी बोलावून पालकांना तासभर माहिती द्यायची. मार्च-एप्रिलमध्येच, कारण मे महिन्यात आपण सगळे बागेत असतो आणि फोन पोराच्या हातात असतो.

१९३० आणि १०९८ हे दोन नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, आणि आज्जीसाठी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरवरही चिकटवा.